डोहातली नऊ वर्षं

तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात माणिकबाई माळीण डोहाकाठी वांगी, मिरच्या, मेथी पिकवायची. तिकडच्या विहिरींना खारं पाणी. गोडं पाणी काय ते त्या डोहात. नवरा गेल्यावर तिनं दोन लेकी त्याच पाण्यावर मोठ्या केल्या. लेकी तान्ह्या असताना ती त्यांना शिंपल्यानं दूध पाजायची. तेव्हापासून डोहातले शिंपले तिच्या ओळखीचे झाले. जिता कोणता नि पोकळ कोणता, हे तिला पाण्यात हात घालताच कळे.

सन १८६४चा वैशाख होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता आणि जो तो बांध कोरून कपाशीला जागा करत होता. त्यातच सरकारी मोजणी गावात आली. डोहाला लागून शेत असलेले खुशालराव मोजणीच्या कारकुनाला म्हणाले, "डोह कायचा साहेब, खड्डा हाय. दरसाल आटते. माह्या वावरात धरा. काठ फोडून वखर फिरवतो."

"कोणाची हरकत आहे?" कारकुनानं विचारलं.

पेरणीला साऱ्या गावाला खुशालरावांचेच बैल लागायचे. माणसं एकेक पाऊल मागं सरली.

"माही हाय," माणिकबाई पुढं आली. "डोह आटत नाई."

"पुरावा काय?"

तिनं डोहाकडं बोट केलं. "पाण्यात हाय, साहेब. शिंपले."

खुशालराव हसले. "पूर्णा नदीतून आणून टाकले असतीन हिनं!"

"मग माझ्यासमोर काढा," कारकून म्हणाला.

पदर खोचून ती पाण्यात उतरली. पहिला शिंपला हाताला लागला, तो उघडा, आत चिखल. दुसराही तसाच.

"पाहा, मेले! पाणी आटलं म्हनूनच मेले," काठावरून खुशालराव ओरडले.

ती आणखी आत सरकली. एवढ्यात टाचेला गाळात एक चर लागली, बोटभर रुंद. शिंपला सरकत गेला की मागं अशी चर राहते. ती वाकली, चरीवरून बोटं फिरवत पुढं गेली. चरीच्या टोकाला गाळातून शिंपल्याची कड वर आलेली होती. तिनं ती धरताच शिंपला गच्च मिटला.

तळहाताएवढा शिंपला तिनं काठावर आणला. कारकुनानं उलटासुलटा केला. "यात वर्षं कुठं आहेत?"

साहेबाशी बोलायची तिला सवय नव्हती. गावची पोरं भोवती जमली होती. ती त्यांच्याकडं वळून बसली.

"पोट्टेहो, हे दोन कवाडं. मांगं बिजागरी. आतून मासाचे दोन खुंटे कवाडं ओढून धरते." तिनं फटीतून विळ्याचं टोक घालून खुंटे कापले, तशी कवाडं सैल झाली. "हा जिभेसारखा पाय. हा गाळात खुपसून थो सरकते. हे कल्ले. पाणी आत घेते, त्यातलं बारीक खाणं गाळते, पाणी बाहेर सोडते."

"मोठा झाला का नवं घर धुंडते का, माणिकमाय?" एका पोरीनं विचारलं.

"नाई वं. हेच घर वाढवते. हा पातळ पदर पाह्यला, कवाडाले आतून चिकटलेला? पाण्यातला चुना घेऊन हा पदर काठाले नवा थर लावते. बिजागरीजवळचं लहानपनचं, काठाचं औंदाचं. उन्हाळ्यात पाणी तापते, खाणं भेटत नाई, मंग वाढ थांबते. तठी अशी जाड काळी रेघ पडते. एका उन्हाळ्याची एक."

"शिंपला चिखलातबी जगते!" खुशालराव मधेच म्हणाले.

आता ती थेट त्यांच्याकडं बघून बोलली. "महिनाभर तोंड मिटून जगते, भाऊ. भेगा पडलेल्या मातीत उन्हाळा नाई काढत. दरसाल आटते म्हनता, तं एवढ्या रेघा पडल्या कशा?"

कारकुनानं नखानं जाड रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "नऊ." मग तो म्हणाला, "एखादा बाहेरून टाकलेला असेल. अजून एक काढा."

ती परत पाण्यात गेली. बराच वेळ काही मिळेना. अखेर एक जिता मिळाला, सहा रेघांचा; म्हणजे डोहात लहानमोठे शिंपले वाढत होते. कारकुनानं नकाशा गुडघ्यावर पसरला, डोह खुशालरावांच्या शेताबाहेर काढला आणि 'गावचं पाणी' असं लिहिलं. माणिकबाईनं खोचलेला पदर सोडून पिळला.

खुशालरावांनी डोहाच्या काठापर्यंत नांगर घातला, आणि त्या साली तिला बैल दिले नाहीत. दोघी लेकींना घेऊन तिनं कुदळीनं वाफे केले. जेठात पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं तेव्हा खुशालरावांची बायको सुभद्रा घागर घेऊन आली. ती खाली मान घालून पाणी भरत होती. घागर एकटीनं उचलेना, तेव्हा माणिकबाईनं वाफ्यातून उठून हात लावला.

"दमानं जा, निसरडं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी खुडायला बसली.