हजला निघण्याआधीची देणी

पनवेलमध्ये उरण नाक्याजवळ अमजदभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. जळालेला पंप आणून टाका, अमजदभाई त्यातली काळी पडलेली तार उपसून काढतात, नवी तांब्याची तार वेढे मोजत भरतात आणि पंप पुन्हा पाणी ओढायला लागतो. वेढे मोजताना कुणी मध्ये बोललं तर खेकसतात, एरवी माणूस गरीब गाय. चाळीस वर्षांत अमजदभाईंनी कुणाला फसवलं असं पनवेलमध्ये कुणी म्हणणार नाही. त्यांना कुणी फसवलं नाही, असंही कुणी म्हणणार नाही.

यंदा त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, फहमिदाबींचा, हजसाठी नंबर लागला. विमान एकवीस दिवसांवर आलं तेव्हा अमजदभाई वही घेऊन बसले. हजला जाणाऱ्यानं कुणाचं देणं मागं ठेवायचं नाही, कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याच्या दारी जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणायचं, ही त्यांच्यातली रीत. बहुतेक लोक ती चार घरं फिरून उरकतात. अमजदभाईंनी यादीच केली. त्यात चहावाल्याचे सात रुपये होते. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या कानाखाली वाजवली होती तो कारागीरही होता.

गव्हाणला काशीराम या जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले तेव्हा तर उलटंच झालं. माफी मागायला गेले अमजदभाई आणि हात जोडले काशीरामनं.

“आमजदभाय, तुमी कसली माफी मांगता? मीच तुमचं आठ हजार ठेवलंय. दोन मोटरींचा काम झाला, पैसं द्यायला जमला नाय.”

“सोडले,” अमजदभाई म्हणाले. “मनापासून सोडले. जाताना हिशेब नको.”

या भरात ते बाजारातल्या बँकेतही गेले. का, तर लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं तेव्हा तिथल्या मॅनेजरनं त्यांना एक लाखाचा ओव्हरड्राफ्ट दिला होता. खात्यात पैसे नसतानाही तेवढ्यापर्यंत काढायची मुभा. तीन वर्षांत अमजदभाईंनी पै न् पै फेडली होती. पण मध्ये एकदा व्याजावरून त्या मॅनेजरला ते वेडंवाकडं बोलले होते. तेवढं माफ करून घ्यायचं होतं.

मॅनेजर केव्हाच बदलून गेला होता. काउंटरवर चारुता नावाची तरुण अधिकारी होती. तिनं सगळी हकीकत ऐकली, बँकेत माफी मागायला आलेला पहिलाच माणूस बघून हसली, आणि सहज म्हणून खातं उघडून पाहिलं. मग तिचं हसू गेलं.

“काका, या खात्यावर एकवीस हजार तीनशे शहाऐंशी रुपये बाकी दिसतायत.”

“मी सगळे भरले बाई. मॅनेजरसाहेबांशी हात मिळवला. खजुराचा डबा दिला त्यांना.”

“पैसे भरलेत, बरोबर आहे. पण खातं बंद करायचा अर्ज कुठंय?”

अर्ज कसला? अमजदभाईंच्या जगात पैसे दिले, हात मिळवला, तोंड गोड केलं की व्यवहार मिटला. त्यानंतर कागद मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. बँकेच्या जगात मात्र ओव्हरड्राफ्ट चालूच राहिला होता. दुकानात माल किती याचा कागद दर महिन्याला द्यायचा असतो, तो दिला नाही म्हणून महिन्याला पाचशे नव्वद दंड. वर्षाला नूतनीकरणाची फी. त्यावर व्याज, आणि व्याजावर व्याज. मोबाइलवर मेसेज येत होते म्हणे. इंग्रजीत. अमजदभाई ते लॉटरीच्या मेसेजबरोबर पुसून टाकत होते.

घरी आल्यावर ते पाणीसुद्धा न पिता बसून राहिले.

“काय झाला?” फहमिदाबींनी विचारलं. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, “शाहीदला फोन करू?”

“नको. हजची अर्धी रक्कम पोरानंच भरली हाय. दोहात तो काय पैशाचा झाड लावून बसलाय?”

“मग काशीराम?”

“त्याला सोडले म्हणून आलो मी. दिलेला शब्द आता फिरवू?”

“नाय, फिरवू नका,” फहमिदाबी म्हणाल्या. “पण तुमचा हात म्हणजे फुटका रांजण. वरून कितीबी भरा.”

त्यांनाही काळजी होती, म्हणून तर चिडवत होत्या. देणं डोक्यावर घेऊन अमजदभाई विमानात चढणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या. तिकिटं फुकट गेली तरी चालतील, पण हा माणूस हलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी अमजदभाई पुन्हा बँकेत गेले. भांडायला गेले होते, पण चारुतानं आधीच वरच्या ऑफिसला लिहून ठेवलं होतं, की माणसानं मूळ रक्कम वेळेआधी फेडली आहे आणि खातं त्यानंतर एकदाही वापरलेलं नाही. चार दिवस ती रोज फोन करत राहिली. शेवटी निम्म्याच्या आसपास दंड माफ झाला. उरले बारा हजार चारशे साठ.

“याच्या खाली नाही जमलं, काका,” ती अपराध्यासारखी म्हणाली.

“तू कशाला तोंड पाडतेस बेटा? चूक माझी हाय.”

दुकानाच्या माळ्यावर जुन्या मोटरींतून काढलेली जळकी तार पोत्यात साठवलेली होती. भंगारातही तांब्याला भाव असतो. परत आल्यावर दुकानाला नवं शटर लावायचं म्हणून वर्षभर जपून ठेवली होती. अमजदभाईंनी ती सगळी विकली आणि बँकेत पैसे भरले. अर्ज चारुतानं लिहिला, त्यांनी सही केली, आणि तिनं शिक्का मारून दाखला दिला.

घरात शिरतानाच त्यांनी तो मोठ्यानं वाचला. “अमजद यांच्याकडून आमचे कोणतेही येणे बाकी नाही!”

फहमिदाबी तांदळाच्या रोट्या थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“बँकेचा ना?”

“बँकेचाच. मग कुणाचा?”

“चांगला झाला,” म्हणून त्यांनी पुढची रोटी तव्यावर टाकली.

अमजदभाईंनी यादीवरच्या शेवटच्या नावावर रेघ मारली. पण ते ‘बँकेचा ना?’ काही केल्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी एका पंपात तार भरताना चाळिसाव्या वेढ्याला त्यांची मोजणी चुकली, आणि त्या क्षणी त्यांना काझींचा आवाज आठवला. सदतीस वर्षांपूर्वीचा निकाहाचा मांडव, आणि काझी साहेब विचारताहेत, मेहेर दोन हजार पाचशे पंचवीस, उधार, कबूल? नवऱ्यानं बायकोला द्यायचं कबूल केलेलं ते धन. तेव्हा खिसा रिकामा होता म्हणून उधार ठेवलेलं. ते कबूल म्हणाले होते आणि विसरले होते. चहावाल्याचे सात रुपये आठवणाऱ्या माणसाला हे आठवलं नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली, की हातातला पंप त्यांनी बाजूला ठेवून दिला.

पुढचे चार दिवस ते मान वर न करता काम करत राहिले. तीन पंप, दोन मिक्सर, एक कूलर. शुक्रवारी नमाज पढून घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाच हजार रुपये फहमिदाबींच्या पुढे धरले.

“काय हे?”

“तुझा मेहेर.”

फहमिदाबींनी हात पुसले. पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. पैसे दोन्ही हातांनी घेतले, शांतपणे मोजले, दोन हजार पाचशे ठेवून घेतले आणि बाकीचे परत दिले. “आणि सुटे पंचवीस आना.”

“अगं, सदतीस वर्षं झाली. त्या पैशात आता काय येतं? ठेव सगळे.”

“कबूल केले तेवढेच घेनार. मी काय बँक हाय का दंड लावायला?”

अमजदभाईंनी खिशातून पंचवीस रुपये काढून दिले.

“एकदा तरी मागायचे होतेस,” ते कसेबसे म्हणाले.

“मागून घेतले असते तर ती वसुली झाली असती,” फहमिदाबी म्हणाल्या. “विमानतळावर मी माफ करून टाकनार होते. माझ्यापायी तुमचा हज अडायला नको म्हणून.”

“मग माफ कर ना.”

“आता कशाला? मिळाले ना मला.” त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले तसं त्यांनी तोंड तव्याकडे वळवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी या माणसाकडून बांगड्या घेतल्या होत्या, साड्या घेतल्या होत्या, आजारपणात औषधं घेतली होती. पण आज त्यांच्या हातात जे आलं, त्याची वाट त्या नव्या नवरी होत्या तेव्हापासून बघत होत्या.

त्या पैशांचं काय करणार, ते त्यांनी सांगितलं नाही. अमजदभाईंनीही विचारलं नाही. ते पैसे आता त्यांचे नव्हते.