आक्कांच्या गाडीतली टक्क

सोमवार. भाद्रपद संपत आला तरी भुरभुर थांबलेली नाही. टिळकवाडीत रस्ते ओले, काकतीच्या पुढं मात्र लख्ख ऊन.

चार माणसं एकाच गाडीतून रोज बेळगाव-निपाणी करायला लागली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी जाताना एक घडतो, संध्याकाळी येताना त्याच्यावर वाद होऊन दुसरा तयार होतो! आम्ही चौघं एकाच शाळेतले. गाडी चालवतात शोभाआक्का, गणिताच्या. त्यांच्या शेजारी पाटील सर, वयानं सगळ्यांत मोठे आणि अंगानंही भारदस्त. मागं मी, ऑफिसातला क्लार्क, आणि वडगावच्या विणकरांच्या घरातली सविता, चित्रकलेची.

आणि पाचवा तो आवाज. स्टेअरिंग फिरवलं की टक्क!

०

पहिल्यांदा ऐकला सवितानं. "आक्का, काय तरी पडलं बघा!"

गाडी कडेला घेतली. पाटील सर उतरून मागं चालत गेले आणि एक जाडजूड नटबोल्ट घेऊन आले. "वाचलो! आपल्याच गाडीचा हाय हा."

तो बोल्ट रुमालात गुंडाळून आम्ही थेट बसू मिस्त्रीच्या गॅरेजला नेला. बसूनं तो उलटासुलटा करून बघितला. "सर, हा नांगराचा. गाडीला नांगर कधी जोडलता?"

०

मग संशय डिकीवर. सविता भावाच्या मागासाठी सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्यांचं पोतं घेऊन निघाली होती. ते काढलं. जॅक काढला, स्टेपनी काढली, आक्कांची छत्रीसुद्धा काढली. गाडी वळवली. टक्क!

"आता आम्हीच तेवढं राह्यलोय काढायचं," आक्का म्हणाल्या.

०

इथं आप्पा आले. आप्पा म्हणजे आक्कांचे थोरले भाऊ, राहायला काकतीला. गाडी त्यांच्याच नावावर, बहिणीला वापरायला दिलेली. एकदा ते आमच्याबरोबर बसले, आवाज ऐकला आणि खाली उतरूनच बोलले.

"शोभे, हायवेवर स्टेअरिंग निखळलं म्हंजे गं? दसऱ्याच्या आत आवाज गेला न्हाय तर गाडी विकणार मी."

आक्का पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकल्या. त्याआधीची सगळी नोकरी एसटीत दांडीला लोंबकळून केलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज जाईल, आप्पा. गाडी जाणार न्हाय."

०

पण आवाज कुठून येतो, यावर एकमत होईना. आक्का म्हणायच्या स्टेअरिंगच्या खालनं. सविता म्हणायची डावीकडनं. मला पुढून कुठून तरी वाटायचा. पाटील सर म्हणायचे, "सगळीकडनंच येतोय!"

बरेच दिवस विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं, की पहिल्या दिवसापासून आम्ही कधी जागाच बदललेल्या नाहीत. जो तो आपल्याच जागेवरून ऐकतोय. म्हटलं, जागा बदलून बघू.

पाटील सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची खुर्चीच मागितली! "तुम्ही बदला. मी चहा घेतो."

संकेश्वरजवळच्या हॉटेलपुढं मोकळी जागा होती. मी सरांच्या जागेवर बसलो. आक्कांनी स्टेअरिंग फिरवलं, माझ्या पायाखालीच टक्क! सविता बसली तेव्हा बारीक टक्क. जागा रिकामी ठेवली तर काहीच नाही.

सविता हरखून ओरडली, "व्हय की! सर उतरले, आवाज उतरला!"

सरांच्या हातातली बशी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं शाळेत आले. तिसऱ्या दिवशीही.

०

बसू मिस्त्रीचं म्हणणं पडलं की अ‍ॅक्सल गेला. मी म्हटलं, घाई नको, एकेक वगळत जाऊ. अ‍ॅक्सल असेल तर गाडी चालताना वाजेल, आपली तर उभी असतानाही वाजते. फक्त डाव्या बाजूला वजन पाहिजे.

वजन रुसून बसलेलं!

शेवटी आक्काच सरांच्या घरी गेल्या. "सर, तुमच्याबिगर आवाज येत न्हाय. चला."

सर आले. गॅरेजमध्ये, गाडी उभी असताना, आपल्या जागेवर ताठ बसले. आक्कांनी स्टेअरिंग सावकाश फिरवलं. बसूनं डाव्या चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला होता. स्प्रिंग अडली, अडली आणि एकदम उसळली. टक्क!

"नोडरी, बघा बघा! हितं हाय!"

शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या डोक्यावरचं बेअरिंग पार झिजलं होतं. त्यामुळं वजन आलं की चाक वळायचं, पण स्प्रिंग अडकून बसायची. नवीन बसवलं. परत सरांना बसवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चिडीचूप.

"म्हंजे मी नव्हतो," सर म्हणाले.

"न्हाय सर," सविता म्हणाली, "तुम्ही साक्षीदार होता."

०

आप्पांनी गाडी फिरवून बघितली. बेहद्द खूष. "झकास! आता विकू."

आक्का बघतच राहिल्या. "आप्पा, आवाज गेला की!"

"आज गेला, उद्या परत आला म्हंजे? चांगली हाय तवर विकू. किंमत बी येईल."

सदलग्याचं गिऱ्हाईक रविवारी काकतीला आलं. आक्का दारात उभ्या. पाटील सर त्या दिवशी आपणहून आलेले. "गाडी मी दाखवतो," म्हणाले आणि पुढं बसले. गिऱ्हाईक स्टेअरिंगवर, त्याच्या मागं मी, सरांच्या मागं आप्पा.

पहिलं वळण. टक्क!

"हे काय वाजलं?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"किरकोळ हाय," सर म्हणाले. "हायवेला जरा मोठा येतो."

दुसरं वळण. टक्क! टक्क!

"काल तर नव्हता!" आप्पा पुढं वाकले. मला दोन सीटांच्या मधून सरांचा उजवा बूट वळणाला टाच आपटताना दिसत होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

गिऱ्हाईक चहालाही थांबलं नाही.

सर उतरून आक्कांशी बोलत उभे राहिले, तेवढ्यात आप्पांनी एकट्यानं गावाला एक फेरी मारली. परत आले. सरांच्या बाजूचं दार उघडलं, खालच्या रबरी मॅटवर उमटलेल्या टाचेच्या खुणा बघितल्या आणि चावी आक्कांच्या हातात ठेवली.

"ठेव गाडी. पण ह्या माणसाला मागं बसवत जा."

गाडी आक्कांकडं राहिली. पाटील सर पुढंच बसतात.