उजवा डोळा, मायनस दीड

ओपीवर दुर्बीण एकच होती आणि ती वापरणारे आम्ही दोघं. ओपी म्हणजे निरीक्षण चौकी. तोफा आमच्या मागे सहा किलोमीटरवर, दरीत. तोफेवरच्या जवानाला समोरचं काही दिसत नाही. ओपीनं बघायचं, आकडे सांगायचे, तोफेनं गोळा टाकायचा.

उत्तरेतल्या त्या डोंगरावर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी नाईक होतो. बरोबर हवालदार युवराज भामरे होते, मला चार वर्षांनी सीनियर. ते बागलाणातल्या नामपूरचे, मी निफाडचा. दर दोन तासांनी पाळी बदलायची. पहाटे साडेपाचची पाळी भामरे मागून घ्यायचे, कारण त्या वेळी पक्षी दिसत. लॉगबुकात समोरच्या हालचालींची नोंद व्हायची, पण शेवटच्या पानावर भामरे पेन्सिलीनं लिहायचे, ‘पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे, ११.’ एकदा कॅप्टनसाहेबांनी ते पान पाहिलं.

“भामरे, ये दुश्मन है क्या?”

“नहीं साब, पड़ोसी हैं.”

साहेब हसले नाहीत, पण पान फाडायलाही लावलं नाही.

दुर्बीण सात बाय पन्नासची होती. वजन किलोच्या वर. दोन्ही नळ्यांना डोळ्यापाशी वेगवेगळी कडी, कडीवर आकडे. ज्याच्या डोळ्याला जो आकडा लागतो त्यावर कडी फिरवायची, तरच चित्र स्पष्ट दिसतं. उजव्या नळीत मिलच्या रेघा कोरलेल्या होत्या. मिल हे आमचं कोन मोजायचं माप. एक किलोमीटरवर एक मीटर रुंदी म्हणजे एक मिल.

माझे दोन्ही डोळे झीरोवर. भामरेंचा डावा झीरो, उजवा मायनस दीड. भरतीच्या वेळी तसा नव्हता, पुढे झाला. मेडिकलमध्ये निघालं असतं तर त्यांना ओपीवरून काढलं असतं. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, “कोणले सांगू नको, भाऊ.” मी सांगितलं नाही.

त्यासाठी आम्ही आपसात एक ड्रिल ठरवली होती. दुर्बीण देणाऱ्यानं घेणाऱ्याचा आकडा लावायचा आणि म्हणायचं, “राइट मायनस दीड.” घेणाऱ्यानं तेच परत म्हणायचं. मगच हात सोडायचा. दिवसातून सहा-सात वेळा हे व्हायचं.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. नाशिकरोडला राहतो. भामरेंची मुलगी मनीषा वडील गेले तेव्हा दोन वर्षांची होती, आता चोवीसची आहे. निफाडजवळ नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात लोकांना पक्षी दाखवणारे गाइड असतात. तिला ते काम हवं होतं. ती ज्यांच्या हाताखाली शिकत होती त्या मंडळींची एक रीत आहे. सहा पक्षी दाखवायचे, नव्या उमेदवारानं नाव सांगायचं आणि ओळखीची खूणही सांगायची. पाच बरोबर आले तर आत. संधी दोनदाच. पहिल्या खेपेला मनीषाचे तीन आले.

तिचा फोन आला. “काका, माझ्या डोळ्यातच खोट आहे. बाकीच्यांना भुवई दिसते, पायाचा रंग दिसतो. मला नुसता पक्षी दिसतो. या वेळी नाही झालं तर मी नामपूरला परत जाते. कांद्याच्या मार्केटात हिशेब लिहायचं काम मिळतंय.”

“दुर्बीण कुठली आहे?”

“मागून आणलेली. तिचा एक स्क्रूच गेलाय.”

मी निष्कर्ष काढला, खोट दुर्बिणीत आहे. जुन्या बॅटरीतले, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीतले, आम्ही पाच जण नाशिक परिसरात आहोत. तिला चांगली दुर्बीण द्यायची असं ठरलं आणि निवडीचं काम माझ्यावर आलं, कारण आकड्यांचा किडा मला आहे.

उंची दुर्बिणी मी आधी कधी हातात धरल्या नव्हत्या. ओळखीतून तीन मिळाल्या, चार दिवसांसाठी, पसंत पडेल ती विकत घ्यायच्या बोलीवर; रविवारी मनीषाची दुसरी संधी होती. मी त्यांना अल्फा, ब्रॅव्हो, चार्ली म्हटलं. अल्फा आठ बाय बेचाळीस, ब्रॅव्हो दहा बाय बेचाळीस, चार्ली आठ बाय बत्तीस. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरचा. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी मिळते. अल्फाची सव्वापाच, ब्रॅव्होची चार पूर्णांक दोन, चार्लीची चार.

वजनं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केली.

“माझ्या पिठाच्या काट्यावर हे काय?” सौ. म्हणाली.

“अल्फा. आठशे दहा ग्रॅम. माहितीपत्रकात सातशे सत्तर लिहिलंय. चाळीस ग्रॅमची तफावत आहे.”

“पट्टा काढून मोजलंत का?”

पट्टा काढला. सातशे बहात्तर भरलं. ब्रॅव्हो आठशे चाळीस, चार्ली पाचशे नव्वद.

मग गच्चीवर चाचणी. समोरच्या इमारतीच्या टाकीवर, विचारून, वर्तमानपत्राचं राशिभविष्याचं पान चिकटवलं. टेप लावून अंतर मोजलं, सदतीस मीटर. सकाळी सहा वीसला, सातला आणि दुपारी बाराला वाचायचं आणि कुठली ओळ लागते ते लिहायचं. ब्रॅव्होचा मला मोठा भरवसा होता, दहा पट म्हणजे जास्त दिसणार. कोपर कठड्यावर टेकवले तर खरोखरच बारीक अक्षरं लागली. उभं राहून हातात धरली तर आठ पटीच्या अल्फापेक्षाही कमी लागली. चित्र दहा पट मोठं होतं तसं हाताचं थरथरणंही दहा पट होतं. हे मी वाचलं होतं, पण स्वतःची नाडी राशिभविष्यावर उडताना बघण्यात वेगळीच मजा आहे.

“कुंभेचं काय म्हणतंय?” सौ.नं खालून विचारलं.

“प्रवास टाळा.”

“आणि रविवारी निघालात नांदूरला! टाकीवर बघता ते ठीक, जोशीकाकूंच्या खिडकीकडे वळू नका. त्या मला विचारतात.”

चार्ली हलकी म्हणून आवडली होती, पण सहा वीसच्या उजेडात ती मागे पडली. सात वाजता फरक निम्मा झाला, बाराला उरलाच नाही. किलोमीटरवर दिसणारी रुंदी अल्फाची एकशे पस्तीस मीटर, ब्रॅव्होची एकशे बारा. माझ्या डोक्यात ते सरळ एकशे पस्तीस मिल, एकशे बारा मिल असंच बसलं. उडता पक्षी धरायला तेवीस मिल फार होतात.

सर्वांत नवल मला कडांचं वाटलं. पांढऱ्या टाकीवर कावळा बसला आणि त्याच्याभोवती जांभळी किनार नव्हती. तिन्ही दुर्बिणींत नव्हती. आमच्या जुन्या दुर्बिणीत प्रत्येक वस्तूला ती असायची. ओपीवर आम्हाला वाटायचं, बर्फाचीच कड जांभळी असते. चार दिवसांत मी कितीदा तरी त्या कावळ्याकडे बघितलं.

शेवटी अल्फा. तिच्यातली एक सोय मला विशेष पटली. डाव्या-उजव्या डोळ्यातला फरक जुळवायची कडी उजव्या नळीवर असते. अल्फात ती वर ओढायची, फिरवायची, खाली दाबली की लॉक. धक्क्यानं हलत नाही. मी माझ्या डोळ्याला लावली, झीरोवर आली, दाबली. वहीत लिहिलं, ‘निवड अल्फा. तयार.’

रविवारी सात दहाला आम्ही पाण्याकाठच्या मनोऱ्यावर होतो. चाचणी घेणारे गंगाधरमामा. साठीचे, पूर्वी याच पाण्यात मासेमारी करायचे. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमी बसा त्या कोपऱ्यात. बोलायचं नाय.”

मी दुर्बीण मनीषाच्या गळ्यात घातली आणि बसलो.

पहिला पक्षी चमचा, दुसरा शेकाट्या. दोन्ही मोठे, नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात. दोन्ही बरोबर. तिसरा चिखलात पळणारा लहान पक्षी. मनीषा तुतारी म्हणाली.

“नाय. चिखल्या हाय तो. पोरी, कांदा निवडतीस का पक्षी?”

आता एकही चूक परवडणारी नव्हती. चौथा पक्षी ऐंशी-नव्वद मीटरवर, काठावर. मामा म्हणाले, “तुतारीच हाय. कोन्ती तुतारी, ते सांग.” हिरवी की ठिपकेवाली, दोन्ही सारख्याच दिसतात. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची पुढेच संपते.

मनीषानं बराच वेळ बघितलं. चाक पुढे-मागे केलं. मग दुर्बीण खाली घेऊन मला म्हणाली, “काका, धुकं आहे का? काच पुसून बघू?”

धुकं नव्हतं. पाण्यावर ऊन आलं होतं.

हे वाक्य मी एकदा ऐकलं होतं.

ओपीवर, ऑक्टोबर महिना. दुपारी १५:३० ला पाळी बदलायची होती. खालच्या नाल्यातून आपल्या इन्फंट्रीची नऊ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्ती तुकडी, परत येत होती. मी दुर्बीण भामरेंच्या हातात देत असतानाच रेडिओवर त्यांची हाक आली.

“अल्फा वन फॉर ओपी, नाले में हैं, आगे क्लिअर है? ओव्हर.”

मी रेडिओकडे वळलो. कडी माझ्याच झीरोवर राहिली. ड्रिल झाली नाही. १५:३२ ला पहिला मॉर्टरचा गोळा आमच्या डावीकडे पडला, दुसरा नाल्याच्या तोंडाशी. कुठून येतो ते दिसत नव्हतं. भामरे दगडी भिंतीच्या फटीतून बघत होते.

“धुकं शे का काय? काच पुसी दे.”

“धुकं नाही उस्ताद, स्वच्छ आहे.”

“माले दिसत नही!”

मी बाहीनं काच पुसून दिली. कडीकडे बघितलं नाही. त्यांनीही नाही. मिलच्या रेघा उजव्या नळीत होत्या आणि त्या पुसट दिसत असणार. भामरे फटीपासून उठले, भिंतीच्या वर छातीपर्यंत उभे राहिले आणि त्या रेघा धरायला डावा डोळा मिटून बघू लागले. मी म्हणालो, “उस्ताद, खाली.” ते म्हणाले, “लिख. काळा दगड, राइट फोर फाइव्ह. दोन माणसं, ट्यूब.” काळ्या दगडाच्या उजवीकडे पंचेचाळीस मिल, हा आकडा मी तोफांना पाठवला. पेट्रोलला थांबायचा निरोप गेला. १५:३४ ला तिसरा गोळा भिंतीपाशी पडला.

आमच्या तोफांनी त्याच आकड्यावर सहा गोळे टाकले आणि समोरच्या मॉर्टरची ट्यूब बंद झाली. भामरे १६:०५ ला गेले. १७:२० ला पेट्रोल वर आली, नऊच्या नऊ. दुर्बीण मी उचलली तेव्हा उजवी कडी झीरोवर होती.

कडी फिरवायला चार सेकंद लागतात. कडी बरोबर असती तर ते फटीतूनच दिसलं असतं, असं मी लिहून देणार नाही. नसतं दिसलं, असंही देणार नाही.

मनोऱ्यावर मी उभा राहिलो.

“बोलायचं नाय म्हनलं ना,” मामा म्हणाले.

“पक्ष्याबद्दल नाही मामा, दुर्बिणीबद्दल. एक मिनिट.”

“पक्षी काय तुमच्यासाठी थांबतोय व्हय? बरं. एक मिनिट. लय नाय.”

मी मनीषाला म्हणालो, “उजव्या भिंगावर हात ठेव. डाव्या डोळ्यानं बघ, मधलं चाक फिरव. दिसतंय स्पष्ट? आता हात डाव्या भिंगावर. चाकाला हात लावू नकोस. ही कडी वर ओढ आणि उजव्या डोळ्यानं बघत फिरव. दिसेल तिथे थांब.”

तिनं फिरवली. थांबली. थोडी मागे आणली. मग एकदम म्हणाली, “अगंबाई.”

“दाब आता.” कडी लॉक झाली. मी वाकून आकडा बघितला. वाचायला चष्मा लागतो म्हणून चष्मा लावून पुन्हा बघितला. मायनस दीड.

“ठिपकेवाली,” मनीषा मामांना सांगत होती. “भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलीय. पाय पिवळट आहेत. मामा, पाठीवरचे ठिपके मोजता येतायत!”

“मोजू नको. पुढं चल.”

पाचवा बरोबर. सहावा बरोबर. आठ पाचला मामांनी तिचं नाव हिवाळ्याच्या पाळ्यांच्या कागदावर लिहिलं. “डोळं घरीच राहिलं हुतं तुझं,” ते म्हणाले, “काकांनी पिशवीतून आनलेलं दिसतंय.” आणि ते चहाला खाली गेले.

मनीषानं विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

मी सांगितलं. आकडा, ड्रिल, रेडिओ, बाही. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, घरीही नाही. सांगायला पाच मिनिटं लागली.

तिनं कडीवरचा आकडा वाचला. “बाबांचा डोळा असा होता हे तुम्हाला माहीत होतं. साहेबांना सांगितलं असतं तर?”

“तोफेवर गेले असते. सहा किलोमीटर मागे.”

“आणि खालचे नऊ जण?”

“ते मला माहीत नाही. तो आकडा दुसऱ्या कुणी इतक्या लवकर दिला असता की नाही, ते मला सांगता येत नाही.”

“राइट फोर फाइव्ह,” ती म्हणाली.

“हो.”

मग तिनं गळ्यातली दुर्बीण काढली, कडी वर ओढली, झीरोवर आणली, दाबली आणि माझ्यापुढे धरली. “राइट झीरो, काका.” मी तेच परत म्हणालो, तेव्हा तिनं हात सोडला. पलीकडच्या काठावर शराटींचा थवा उतरत होता. मी मोजले, अकरा. कुणालाही जांभळी कड नव्हती.

दुर्बीण मनीषाला परत देताना मी कडी फिरवली. बावीस वर्षांत ते शब्द तोंडातून निघाले नव्हते.

“राइट मायनस दीड,” मी म्हणालो.

“राइट मायनस दीड,” भामरेंची मुलगी म्हणाली.

मी हात सोडला.