कस्तुराबाई जेवताना

माझी बायको कस्तुराबाई रोज तुंगार्लीच्या एका बंगल्यात जेवायला जाते. जाते कामालाच, पण जेवणं हेच तिचं काम आहे. कुसगावात कुणी विचारलं तर मी "स्वयंपाकाला जाते" एवढंच सांगतो. खरं सांगितलं की लोक हसतात आणि मला पुढचं नीट समजावता येत नाही.

ज्यांचं जेवणाशीच बिनसलं आहे, अशी तरुण मुलंमुली त्या बंगल्यात येतात. कुणी खातच नाही, कुणी खाऊन मग लपून उलटी करतं. सकाळी यायचं, नाश्ता आणि जेवण सगळ्यांबरोबर बसून करायचं, डॉक्टरांशी बोलायचं आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायचं, अशी तिथल्या उपचाराची रीत आहे. टेबलावर गावातली चार साधी माणसंही बसवतात, जेवणाची भीती नसलेली. कस्तुराबाई तिथं भाकऱ्या करायला लागली होती. मग रुपालीताईंनी, म्हणजे तिथल्या समुपदेशक बाईंनी, तिलाही टेबलावर बसवलं.

पहिल्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "वाढायचं सोडून समद्यांसंगं बसायचं म्हंजे लाजच वाटली."

"मग जेवलीस का?"

"जेवले की. त्याच्याचसाठी बसवलं न्हवं?"

मला हेवा वाटला. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण आम्ही दोघं समोरासमोर बसून कधी जेवलो नव्हतो. आधी घरात मोठी माणसं होती, मग मुलं. माझं उरकलं की ती आपलं ताट घेऊन आत बसायची. आता घरात दोघंच आहोत, तरी तेच चाललं आहे. ती कशी जेवते हे मला ठाऊक नव्हतं आणि बघावंसं फार वाटायचं. पण या वयात बायकोला असलं काही सांगायला जीभ रेटत नाही.

महिन्यातून एकदा तिथं मुलांच्या घरच्यांना जेवायला बोलावतात. तेजल नावाची कॉलेजातली मुलगी कस्तुराबाईच्या शेजारी बसते. एका महिन्यात तिच्या आईवडिलांना त्या दिवशी सुट्टी मिळत नव्हती. तेव्हा तीच म्हणाली, "मावशी, मग तुमच्या आबांना आणा."

वाटेत कस्तुराबाई मला बजावत होती. "बारीक झालीस, जाड झालीस, असलं कुनाला म्हनायचं न्हाई. खा खा करायचं न्हाई. दुसऱ्याच्या ताटात बघायचं न्हाई."

"मी कुठं काही बोलतो?"

"बोलत न्हाई, पन बघता लय."

सगळ्यांना सारखंच वाढलेलं होतं. भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, भात. मी कस्तुराबाईच्या समोर बसलो होतो. तिनं भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवून ताटाच्या कडेला ठेवला आणि उरलेल्या भाकरीचे लहान लहान घास करून खाऊ लागली. शेवटी पापुद्रा उचलला आणि डोळे अर्धे मिटून सावकाश चावला. लग्नाच्या वेळीसुद्धा मी तिला इतका वेळ बघितलं नसेल. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी माझ्या भाकरीचा पापुद्रा काढला आणि तिच्या ताटात ठेवला.

तेजलचा हात थांबला. तिनं आपलं ताट पुढं सरकवलं.

रुपालीताई हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, इथे आपण दुसऱ्याच्या ताटात काही वाढत नाही. आपल्या ताटातही कुणीतरी असंच वाढेल, याची या मुलांना धास्ती असते."

उठून निघून जावं असं मला झालं.

कस्तुराबाई त्या पापुद्र्याकडे बघत राहिली. मग तेजलला म्हणाली, "इतक्या वर्सांत ह्यांनी पयल्यांदा वाढलं मला. त्ये बी कायदा मोडून."

तेजलला हसू आलं. "मग खाणार का, मावशी?"

"खाते की. माजं मी खाते, तुजं तू खा. तुज्या ताटात न्हाई कुनी हात घालत."

थोड्या वेळानं तेजलनं ताट परत ओढून घेतलं. तिला खूप वेळ लागला. सगळ्यांचं संपेपर्यंत तिथं कुणी उठत नाही. मला तर उठायचंच नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी कस्तुराबाईनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि ती तव्याकडे वळली. मी धीर करून म्हणालो, "तूपण बस ना."

"मग भाकऱ्या कोन करनार? तितं बसायचं त्ये काम हाय. घरी कशाला?"

तेव्हापासून मी सावकाश जेवतो. एक घास पुष्कळ वेळ चावतो, मध्येच पाणी पितो. तोवर तिचा तवा उतरतो, आणि माझं उरकायची वाट बघून कंटाळली की ती आपलं वाढून घेते. मला काही लागलं तर उठावं लागेल म्हणून ती हल्ली आत न जाता दाराशीच ताट घेऊन टेकते. अर्धी पाठमोरीच असते, पण पापुद्रा सोडवताना तिचे हात दिसतात.

काल तिनं वळून माझ्या ताटाकडे बघितलं. "आताशा जेवान जात न्हाई का तुमाला? रुपालीताईंना इचारू का?"

"नको," मी म्हणालो, आणि तिचं संपेपर्यंत शेवटचा घास तसाच ताटात राहू दिला.