सोडामास्तर आणि वाटाण्याएवढं मलम

माझ्या धाकट्या भावाला सगळा रस्ता सोडामास्तर म्हणतो. त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि त्याच्या शर्टाच्या खिशात कायम खायच्या सोड्याची पुडी असते. बॅटरीतलं ऍसिड सांडलं की त्यावर सोडा टाकायचा. तो फसफसतो, फेस येतो, आणि फेस थांबला की ऍसिड मेलं असं समजायचं. एवढंच त्याचं शास्त्र, बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही. कार्यक्रमांसाठीचा एक वगळला तर त्याचा एकही शर्ट धड नाही. थेंब उडतो तेव्हा कापडावर काही दिसत नाही, पण एकदोनदा धुतलं की तिथे भोक. मी त्याचे शर्ट वाळत घालते तेव्हा त्यातून पलीकडची भिंत दिसते.

त्याला हसायचा हक्क मला आहे, कारण त्याच्या मानेवरचा डाग पडला तेव्हा मी तिथे होते. विशीत दुसऱ्याच्या दुकानात कामाला असताना त्याच्या तोंडासमोर बॅटरी फुटली. मी डबा द्यायला गेले होते. त्याची मान धरून मी त्याला नळाखाली कोंबलं आणि तो हातपाय झाडत होता तरी सोडलं नाही. बऱ्याच वेळाने मालक सोडा घेऊन धावत आला. डोळा वाचला. तेव्हापासून भाऊ सगळ्यांना सांगतो, सोड्याने वाचवलं. मी कधी त्याला सुधारलं नाही. म्हटलं, असू दे, कशावर तरी श्रद्धा असावी माणसाची. माझ्या त्या गप्प बसण्याची किंमत पुढे त्याच्या लेकीने मोजली.

भावजय गेल्यापासून मी भावाकडेच राहते, त्यामुळे भाची माझ्या हाताखालीच वाढली. सोळाव्या वर्षी तिच्या गालांवर मुरुमं आली आणि तेविसाव्या वर्षापर्यंत मुक्कामाला राहिली. एक गेलं की दोन, आणि जाताना काळा डाग ठेवून जाणार. केस गालांवर ओढून घ्यायची, मग बाहेर जाणं कमी केलं, शेवटचं वर्ष तर घरातच काढलं. जो येईल तो उपाय सांगायचा. मी स्वतः तिला लिंबू चोळायला लावलं होतं, तेव्हा शहाणपणा मी सांगू नये.

शेवटी तिला कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी एक पांढरं मलम दिलं, अझेलेइक ऍसिडचं. सकाळ-संध्याकाळ चेहरा धुवायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग वाटाण्याएवढंच मलम, वर साधं क्रीम, दिवसा उन्हाचं क्रीम. "चुणचुणेल, खाजेल थोडं. घाबरायचं नाही," बाई म्हणाल्या. "बारा आठवडे लागतात. मधेच सोडायचं नाही."

आता ज्या घरात ऍसिड म्हटलं की कर्ता पुरुष सोड्याची पुडी शोधतो, तिथे हे नाव सांगणार कोण? मीच ट्यूबवरच्या नावाला चिकटपट्टी गुंडाळली. भाऊ विचारायचा, हे काय? आम्ही म्हणायचो, क्रीम.

आठ आठवड्यांत नवी मुरुमं येणं जवळजवळ थांबलं. डाग फिके झाले. आणि एक दिवस भाचीने आपणहून चष्म्याच्या दुकानात नोकरीसाठी अर्ज टाकला. चष्म्याचं दुकान म्हणजे भिंतीभर आरसे आणि गिऱ्हाईक हातभर अंतरावर. त्यांनी सोमवारी सकाळी भेटायला बोलावलं. मला इतका आनंद झाला की मी दोनदा चहा केला.

गुरुवारी संध्याकाळी भाऊ लवकर घरी आला. भाचीने घाईत ओल्याच चेहऱ्यावर मलम लावलं होतं, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त चुणचुणत होतं. गाल लाल झाले होते आणि ती दोन्ही हातांनी वारा घालत होती. ट्यूब बेसिनवर होती. पाण्याने चिकटपट्टी सुटली होती. भावाला इंग्रजी बेताचंच येतं, पण तो एक शब्द तो झोपेतही वाचेल. त्याच्या दुकानातल्या प्रत्येक कॅनवर तो आहे.

त्याने तिची दोन्ही मनगटं पकडली. "तोंडाला काय लावलंस? कुणी दिलं हे?"

"बाबा, सोडा."

"कुणी दिलं म्हणतो मी!"

"बाबा, दुखतंय, सोडा ना!"

त्याने मनगटं सोडली आणि खिशातली पुडी काढली. मी गॅसपाशी होते. मला कळेपर्यंत त्याने सोडा तळहातावर कालवून तिच्या दोन्ही गालांना चोळायला सुरुवात केली होती. त्याचे तळवे म्हणजे कानशीच. ती ओरडत होती आणि तो म्हणत होता, "फेस येत नाहीये, ताई, फेस का येत नाहीये," आणि आणखी चोळत होता.

मी त्याला ढकललं, पोरीची मान धरली आणि तिला नळाखाली घातलं. विशीत तिच्या बापालाही असंच धरलं होतं.

गाल सोलल्यासारखे झाले. तिने आरसा पाहिला आणि मला म्हणाली, "आत्या, सोमवारी मी जाणार नाही." बापाकडे तिने पाहिलंही नाही. खोलीचं दार लागलं. भाऊ दाराबाहेर जमिनीवर बसला. मला त्याचा संताप आला होता आणि त्याची दयाही येत होती. त्याहून जास्त संताप मला त्या चिकटपट्टीचा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. भावाने कॉलर खाली करून मान दाखवली. "ऍसिड काय असतं ते मला नका शिकवू," तो म्हणाला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या कॅनमधलं आणि हे, यांचं फक्त आडनाव एक आहे," त्या म्हणाल्या. "हे गव्हातही असतं, जवातही असतं. कातडीला सोसत नाही तो तुमचा सोडा. भाजलं तर पाणी, भरपूर पाणी. दुसरं काही चोळायचं नाही."

"मग माझा डोळा सोड्याने कसा वाचला?"

"त्याआधी पाणी कुणी घातलं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी," मी म्हटलं. "सोडा आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं."

त्याने कॉलर पुन्हा वर केली. बाईंनी मलम काही दिवस बंद ठेवायला सांगितलं, फक्त साधं क्रीम, लाली गेली की एक दिवसाआड पुन्हा सुरुवात. डाग बहुतेक राहणार नाहीत म्हणाल्या. पण सोमवारपर्यंत लाली जाईल का, यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारी माणसं मी पाहिली आहेत, माझ्या भावाने फुंकर दुसऱ्याच्या तोंडावर मारली होती.

त्या दिवशी दुपारी मी पाहिलं तर त्याने आपला एकमेव धड शर्ट, कार्यक्रमांसाठी ठेवलेला, खुर्चीवर पसरला होता आणि त्याच्या खिशावर ते मलम थापलं होतं. वाटाण्याएवढं नाही, चांगलं लिंबाएवढं. शनिवारी त्याने तो शर्ट स्वतः धुतला, रविवारी पुन्हा धुतला. संध्याकाळी खिडकीशी धरून उजेडात बघत राहिला. मग लेकीच्या दारावर टकटक केली.

"दोनदा धुतला," तो म्हणाला. "भोक नाही पडलं."

दार अर्धं उघडलं. गाल अजून लाल होते, हनुवटीजवळ सालं निघत होती.

"मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर लावू दिलं असतं तुम्ही?"

त्याने विचार केला. "नाही."

तिने दार लावलं, पण या वेळी कडीचा आवाज आला नाही. उद्याचं मी विचारलं नाही. नाकावर माशी बसू न देणारं घराणं आहे आमचं, विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

सोमवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. केस मागे घट्ट बांधले होते. सात वर्षांत मी तिचे दोन्ही कान एकदम पाहिले नव्हते. लाल गाल, सालं, सगळं उघड्यावर. भाऊ तोच धड शर्ट घालून दाराशी उभा होता. त्याने दोन्ही हातांत तिची हनुवटी धरली आणि गाल उजेडाकडे वळवून बघायला लागला. खूप वेळ बघितलं. तिला उशीर होत होता.

"बाबा, सोडा," ती म्हणाली.

त्याचा उजवा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने दुसराही हात खाली घेतला. ती जिना उतरून गेली.

तो दारातच उभा राहिला. रस्त्यावर ती दिसेनाशी झाली तेव्हा त्याने विचारलं, "ताई, गुरुवारीसुद्धा ती हेच म्हणत होती?"

"हेच म्हणत होती."

"मला पुडीच ऐकू आली," तो म्हणाला आणि पायरीवर बसून रडायला लागला. मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले.