दाजींच्या टाकीतले पाहुणे

भुकेल्या जिवाकडं नुसतं बघत बसणं हे एकच काम माझ्या दाजींना जन्मात जमलं नाही. बाकीची सगळी कामं त्यांनी सारख्याच उत्साहानं बिघडवली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कोल्हापुरात तीसेक वर्षं त्यांची खानावळ होती आणि तिथून जेवून उठणं सोपं नव्हतं. ताटावर हात आडवा धरला तर दाजी बोटांच्या फटीतून भात सोडत. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस दीड तास जेवला आणि मीटर न बघताच निघाला, तरी दाजी दारातून ओरडत होते, "पावणं, दही ऱ्हायलं की." पुढं गुडघे कुरकुरायला लागले तशी खानावळ बंद झाली, आणि गल्लीतल्या मांजरांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची वजनं वाढू लागली.

दोन हजार साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा अक्का न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला, नाहीतर कायमच्या कॉटवर राहाल. पण तो पाय आपला राहिलाच नाही, असं अक्काच्या मनानं घेतलं होतं. वॉकर उशाशी उभा आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेला. जिच्या धाकानं खानावळीतल्या तांब्यात आपलं तोंड दिसायचं, ती अक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. दाजी घाबरले. आणि घाबरले की ते बाजारात जात.

अक्काचं माहेर, म्हणजे आमचं घर, चंदगडच्या झाडीतलं. "हिला हिरवं बघायची सवय हाय," असं म्हणत दाजींनी माशांची चार फुटी काचेची टाकी आणून अक्काच्या खोलीत मांडली, खडी पसरली, दिवा लावला आणि कोपरापर्यंत हात घालून पाण्यात रोपं लावली. भाताची लावणी करावी तशा ओळी धरल्या होत्या. मासे विकणाऱ्यानं बजावलं होतं, "काका, महिनाभर थांबा. काचंवर शेवाळ धरू दे, मग शेवाळ खाणारं मासं सोडा. आत्ता सोडलं तर उपाशी मरतील." दाजींना हे पटलं नाही. मला म्हणाले, "पावणं, खानावळ उघडायच्या आधी भांडी घासणारी बाई बघावी लागती." दुसऱ्याच दिवशी टाकीत दोन सकर मासे आणि सहा गोगलगायी दाखल झाल्या. सकर म्हणजे काचेला तोंड लावून शेवाळ खरवडत फिरणारा, ठिपक्याठिपक्यांचा, जरा कुरूप मासा. काच कोरी करकरीत होती. बिचारे काय खरवडणार?

दाजींना घास गिळवेना. घरात आठ पाहुणे, आणि सगळे उपाशी. भिंग घेऊन ते टाकीभर शेवाळ शोधत फिरले. रंकाळा तळ्यावरून शेवाळलेला दगड जेवणाच्या डब्यात घालून आणला. वाटेत कुणी विचारलं तर "पावण्यांचा डबा हाय" म्हणून सांगितलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा काकडीच्या चकत्या सुरू झाल्या. मग उकडलेला पालक, मग दोडका, मग भाकरीचा मऊ भाग. तांबडा रस्सा तेवढा मी त्यांचा हात धरला म्हणून राहिला. सकर फुगून लाटण्याएवढे झाले आणि रोपांच्या सावलीत पडून राहू लागले. उरलेलं अन्न कुजलं, दिवा दिवसभर जळतच होता, आणि ज्याची सगळे वाट बघत होते ते शेवाळ एकदाचं आलं. असं आलं की तीन आठवड्यांत रोपं दिसेनात, मासे दिसेनात, टाकी म्हणजे नुसती हिरवी भिंत झाली. भांडी घासायला आलेली मंडळी मात्र ढेकर देऊन झोपलेली.

मी रविवारी गेलो तर दाजी टाकीकडं पाठ करून बसले होते. "एवढंबी जमलं न्हाय, पावणं," म्हणाले. तेवढ्यात अक्का कुशीवर वळली. किती तरी दिवसांनी मी तिचं तोंड समोरून बघत होतो.

"ती काच कोण पुसणार?" तिनं विचारलं.

"सकर हायत की," दाजी हळूच म्हणाले.

"त्यांची पोटं बघा आधी. फडकं द्या हिकडं."

दाजी धडपडत उठले, फडकं घेतलं, आणि टाकीपाशीच थांबले. समोरच्यानं मागितलेली वस्तू त्यांनी हातात नेऊन दिली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. "हितं हाय," एवढंच म्हणाले. अक्का तणतणत उठली. टॉवेल खाली पडला. वॉकर धरून तिनं चार पावलं टाकली, पदर खोचला आणि एका हातानं काच आतून घासायला लागली. मी रडलो. दाजींनी मला लगेच शिरा आणून दिला.

त्यानंतर अक्का चालू लागली, आणि ती टाकी काही कधी स्वच्छ राहिली नाही. एका दुपारी मी दाजींना पकडलं. अक्का झोपलेली, आणि हे टाकीत काकडी सोडत होते. म्हणाले, "काच घाण हाय तवर ही उठती. बोलू नगा."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या माघारी काकडी थांबली, सकर मुकाट्यानं कामाला लागले आणि काच लख्ख झाली. त्या लख्ख काचेसमोर अक्का नुसती बसून राहिलेली मला बघवायची नाही. परवा गेलो तर ती टाकीपाशी उभी होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात काकडीची चकती.

"मला कळत न्हाय आसं वाटायचं त्यास्नी," ती म्हणाली, आणि चकती पाण्यात सोडून दिली.