हितचिंतकाची ईमेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या फोनचा पासवर्डसुद्धा माहीत आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावात, नेपरव्हिलला, राहत नाही म्हणून असेल. बघा, इथेही मी आधी स्वतःची सोय बघितलीच.

गाण्यापासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. आयर्लंडच्या एका रॉक बँडचं गाणं — तुम्ही ऐकलं असेल, गाणारी बाई ओरडते तेव्हा तिचा आवाज मध्येच फाटतो. बॉम्बस्फोटात लहान मुलं गेली, त्या संतापातून ते आलं. पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगला केतकीने ते गायलं होतं आणि मागे मी गिटार वाजवली होती. चारच कॉर्ड, फिरून फिरून तेच. पण आपण काहीतरी खरं बोललो, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे नोकरीपायी आम्ही दोघंही इथे येऊन पडलो, आणि मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तेच गाणं करायचं ठरलं.

मंडळाचा सांस्कृतिक सचिव मी. रीत अशी, की गाण्याआधी काय बोलणार ते प्रत्येकाने सचिवाला लिहून पाठवायचं. केतकीने तीन वाक्यं पाठवली. हे गाणं मारल्या गेलेल्या मुलांसाठी आहे. आजही मुलं मारली जाताहेत. आणि आपण ज्या देशात राहतो, त्याला यातून हात झटकता येणार नाहीत.

मला घाम फुटला. माझं ग्रीन कार्ड अडकलेलं, कार्यक्रमाचा व्हिडिओ फेसबुकवर जाणार, आणि स्टेजवर तिच्या मागे मी. कुणी बघितलं तर? — कोण बघणार होतं हो? हेच गाणं इथल्या किराणा दुकानात कोथिंबीर निवडताना स्पीकरवर लागतं. केतकीला सरळ फोन करता आला असता — मला भीती वाटते, तू एकटी गा. वीस वर्षांची मैत्रीण ती. चिडली असती, मग हसली असती, आणि गायली असती. पण मी भित्रा ठरलो असतो ना!

म्हणून एका दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, मी एक खोटं ईमेल खातं उघडलं आणि मंडळाला तक्रार पाठवली. दिवाळीसारख्या मंगल प्रसंगी राजकारण नको, व्हिसावरच्या कुटुंबांचा विचार व्हावा. खाली सही — एक हितचिंतक. कमिटीच्या मीटिंगमध्ये ती वाचून दाखवली तीही मीच, पडेल चेहऱ्याने. गाणं कॅन्सल झालं. केतकीला फोन करून म्हणालो, "यार, लोक किती कोत्या मनाचे असतात बघ." ती रडली आणि मी तिची समजूत काढत बसलो.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, भित्रा माणूस, चालायचंच. थांबायचाच विचार होता खरं तर. पण —

ती ईमेल मी कशी लिहिली, ते सांगायचं राहिलं. आमच्याकडे सगळे इंग्रजीत मेल करतात. ‘सप्रेम नमस्कार’पासून ‘कळावे, लोभ असावा’पर्यंत छापील मराठीत लिहिणारा माणूस एकच — अरविंदकाका. निवृत्त डॉक्टर, तरुणपणीच इथे आलेले, काकू गेल्यापासून एकटे. प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यांची तक्रार ठरलेली: माईक खरखरत होता, पाऊण तास उशीर झाला, हिंदी गाणी फार. आम्ही हसायचो. त्या दुपारी मी त्यांच्या जुन्या ईमेल उघडल्या आणि त्यांची वळणं बघून बघून माझी लिहिली. मुद्दाम. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालंच, "ही काकांचीच दिसते," आणि मी नुसते खांदे उडवले. संध्याकाळपर्यंत ते केतकीच्या कानावर गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे फास चोरानेच वळून दिला होता.

काका आता गाडी चालवत नाहीत, आणि गाडीशिवाय इथे माणूस घरातच. कार्यक्रमाला त्यांना केतकी घेऊन यायची. तिचं येणं बंद झालं. बाकीच्यांनाही नेमकी कामं निघाली. संक्रांतीला शेवटी मीच आणायला गेलो — दयाळू ना मी! गाडी सुरू केली, फोन गाडीच्या स्पीकरला आपोआप जोडला गेला आणि तेच गाणं लागलं. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. "केतकी म्हणणार होती ते हेच ना? मला ऐकायचं होतं रे."

बाहेरच्या बर्फाकडे बघत त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "ती हल्ली माझा फोन उचलत नाही. माझं काही चुकलं का?"

"बिझी असेल, काका," मी म्हणालो.

मला स्वतःची किळस येते. पण किळस येऊनही माणूस जेवतो, झोपतो, सचिवही राहतो. पुढच्या आठवड्यात गणपतीचा कार्यक्रम आहे. कुणी कुणाला गाडीतून आणायचं, याची यादी आज मी केली आणि सगळ्यांना पाठवली. काकांच्या शेजारी बसून गाडी चालवणं आता मला जमत नाही, म्हणून त्यांचं नाव मी त्यात घातलेलं नाही.